नकार देताना आणि ऐकताना: स्त्री-पुरुषांत फरक नेमका कुठे पडतो

नकार देता येत नाही अशी तक्रार एखाद्या स्त्रीने केली की तिला ठरलेला सल्ला मिळतो: स्पष्ट ‘नाही’ म्हणायला शीक. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुरुष सरळ नकार देतात, स्त्रिया आडवळणाने देतात आणि म्हणून त्यांचा नकार कोणी मनावर घेत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात आपल्या बोलण्यात कोरडे ‘नाही’ फारसे कोणीच वापरत नाही. पुरुषही ‘बघू’, ‘कळवतो’, ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे’ असेच म्हणतात. फरक पडतो तो दोन ठिकाणी. नकार देताना कोणाचे नाव पुढे केले जाते, हे पहिले. आणि नकार दिल्यावर त्याची किंमत कोणाला किती मोजावी लागते, हे दुसरे. नकार द्यायला शिकायचे असेल तर या दोन्ही ठिकाणी काम करावे लागते, आणि त्यातले अर्धे काम ऐकणाऱ्याचे आहे.

आडवळणाचा नकार सगळ्यांना कळतो

संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे की होकार चटकन येतो आणि नकार किंचित उशिरा येतो. २००९ साली दहा भाषांतील बोलण्याची मोजमापे एकत्र प्रसिद्ध झाली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि विचारलेल्याला दुजोरा देणारी उत्तरे नकारार्थी उत्तरांपेक्षा लवकर येतात, असे त्यात दिसले. नकारापूर्वी थोडा थांबा, मग ‘तसं नाही, पण…’, मग एखादे कारण आणि शेवटी ‘पुढच्या वेळी नक्की’ अशी साधारण बांधणी असते. सिलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९९९ मध्ये यावरून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. असा नकार रोजच्या व्यवहारात सगळेच बिनचूक ओळखतात. तेव्हा एखाद्या स्त्रीचा तसाच नकार ‘मला कळलाच नाही’ असे म्हणणाऱ्या पुरुषाचे म्हणणे मान्य करण्यासारखे नाही.

मराठी घरांत याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. स्थळाला नकार देताना ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप जातो आणि समोरचा बाप ‘कोणता ग्रह आड येतो ते दाखवा’ असे म्हणत नाही. तो समजायचे ते समजतो. उधारी मागायला गेलेल्या माणसाला दुकानदार ‘मालक आले की विचारून सांगतो’ म्हणाला की तो निमूटपणे पैसे काढतो किंवा परत फिरतो. म्हणजे आडवळण कळण्याची ताकद आपल्यात भरपूर आहे. ती कोणाच्या बाबतीत वापरायची आणि कोणाच्या बाबतीत नाही, एवढेच आपण ठरवत असतो.

उलट, नकार स्वच्छ शब्दांत दिला म्हणजे तो मानला जातो, असेही नाही. बालपणी लावलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी दिलेल्या नकाराइतका स्पष्ट नकार सापडणे कठीण. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा आदेश दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’सारख्या वृत्तपत्राने त्यांच्यावर टीका केली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांचे म्हणणे कोणाला समजले नव्हते असे नाही. ते मान्य करायचे नव्हते.

नकार स्वतःच्या नावाने द्यावा

स्त्रीचा नकार बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने येतो: ‘घरी विचारून सांगते’, ‘यांना नाही आवडणार’, ‘सासूबाईंना बरं नाही’. पुरुषाचा नकार कामाच्या किंवा पैशाच्या नावाने येतो: ‘सुट्टी शिल्लक नाही’, ‘पैसे अडकलेत’, ‘वेळच नाही हो’. पुरुषही कधीकधी ‘हिला विचारावं लागेल’ म्हणतात, पण ते हसत म्हटले जाते आणि पुढे कोणी त्यांच्या बायकोला गाठून परवानगी काढत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र तसे सर्रास घडते. ‘मी बोलते तुझ्या सासूबाईंशी’ म्हणत मैत्रीण थेट घरी येते, सासूबाई ‘जा की, मी कुठे अडवलंय’ म्हणतात आणि नकार तिथेच संपतो.

म्हणून पहिली सवय लावून घ्यावी ती कर्ता बदलण्याची. ‘मला जमणार नाही’, ‘मी येणार नाही’, ‘मला हे करायचं नाही’ या वाक्यांत कोणाची समजूत घालायला तिसरे माणूस उरत नाही. सुरुवातीला ही वाक्ये कडक वाटतात. ती मऊ करण्यासाठी आवाज, हसणे, ‘राग मानू नका’ हे सगळे वापरावे. वाक्याचा कणा मात्र तसाच ठेवावा. घरातील ज्येष्ठांशी बोलताना ‘आई, या वेळी माझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणण्यात आदर कुठेही कमी होत नाही.

दुसरी सवय कारणांबाबत. एका कचेरीत निरोप समारंभाची जबाबदारी कोणावर टाकायची हे ठरत असतानाचे बोलणे साधारण असे होते.

‘मॅडम, समारंभाचं तुम्हीच बघा ना. तुमच्याइतकं नीट कोणाला जमतं?’

‘अहो, केलं असतं, पण या आठवड्यात मुलाची परीक्षा आहे. शिवाय मार्चएंडचं काम पडलंय.’

‘परीक्षा शुक्रवारी संपते ना? मग आपण सोमवारी ठेवू. मार्चएंडचं मी साहेबांच्या कानावर घालतो.’

दोन कारणे दिली, दोन तोडगे निघाले आणि नकार हातातून गेला. त्याच कचेरीतील पुरुष ‘छे, ते माझं काम नाही’ म्हणून चहाला निघून जातो आणि कोणी त्याला तोडगा सुचवत नाही. यावरून घ्यायचे ते एवढेच की कारण देणे बंधनकारक नाही, आणि द्यायचेच तर एक द्यावे, तेही तारीख पुढे ढकलून न सुटणारे. ‘मागच्या दोन्ही समारंभांचं मी पाहिलं, या वेळी दुसऱ्या कोणाकडे द्या’ हे कारण परीक्षेसारखे शुक्रवारी संपत नाही. वरिष्ठाने काम लादले असेल तर ‘हे घेते, मग हातातल्या दोनपैकी कोणतं बाजूला ठेवू, ते मला ईमेलवर कळवा’ असे म्हणावे. हा नकार नव्हे, पण कामाला किंमत असते हे वरिष्ठाला लिहून द्यावे लागते.

किंमत सारखी नसते

कचेरीतील अशा बिनश्रेयाच्या कामांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार अर्थतज्ज्ञ आणि संशोधक स्त्रियांनी तो केला. मिश्र गटात, कोणालाच नको असलेले काम अंगावर घेण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये ४८ टक्क्यांनी जास्त होते. काम सोपवणाऱ्याला निवड करू दिली तेव्हा स्त्रियांना ४४ टक्के अधिक वेळा विचारले गेले, आणि विचारल्यावर ५१ टक्के पुरुषांनी तर ७६ टक्के स्त्रियांनी होकार दिला. पण सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळाच होता. गटात फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया ठेवल्या तेव्हा पुढे येण्याच्या प्रमाणातला हा फरक नाहीसा झाला. म्हणजे नकार न देणे हा स्त्रियांचा स्वभाव नव्हे. समोर पुरुष असले की हे काम बाईच करील अशी सगळ्यांचीच, तिची स्वतःचीसुद्धा, अपेक्षा असते. न्यूयॉर्क विद्यापीठातील २००५ च्या एका अभ्यासात हेही दिसले की सहकाऱ्याला मदत करणाऱ्या पुरुषाचे कौतुक वाढते, मदत न केल्याने त्याचे काही बिघडत नाही. स्त्रीचे मात्र मदत केल्याने काही वाढत नाही आणि न केल्याने मत वाईट होते.

असे असताना केवळ स्त्रियांना खंबीर व्हायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या हातात काम वाटण्याचा अधिकार आहे त्याने ‘कोण करणार?’ असे बैठकीत विचारणेच बंद करावे आणि पाळी लावावी: इतिवृत्त, वर्गणी, केक, पाहुण्यांची जेवणे, सगळ्यांची. सोसायटीच्या गणपतीत प्रसाद बायकांचा आणि हिशेब पुरुषांचा, ही वाटणी एका वर्षी उलटी करून पाहण्यासारखी आहे.

बहिणीचा नकार: हक्कसोडपत्र

महाराष्ट्रात स्त्रीला सर्वांत जड जाणारा नकार कोणता, असे विचारले तर मी हक्कसोडपत्राचे, म्हणजे वडिलांच्या मालमत्तेतला आपला वाटा सोडून देण्याच्या दस्ताचे, नाव घेईन. वडील गेल्यावर वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात आणि काही दिवसांत भाऊ कागद घेऊन येतो. ‘ताई, तुझ्या लग्नात बाबांनी खर्च केलाच आहे.’ ‘सगळ्या बहिणींनी सह्या केल्या, तुझीच राहिली.’ बोलता बोलता न बोललेले एक वाक्य मध्ये उभे असते: सही केली नाहीस तर माहेर तुटेल. अशी मागणी भावाकडे सहसा कोणी करत नाही, म्हणून त्याला या नकाराची सवयही लागत नाही.

इथे कायदा नीट माहीत असणे हाच मोठा आधार आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट उरली नाही. वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे उघडत नाहीत. जमीन किंवा घर यांवरचा हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो, म्हणजे बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन फोटो आणि अंगठा द्यावा लागतो. तिने तिथे न जाणे हाच पुरेसा नकार असतो. मात्र त्याऐवजी मुखत्यारपत्रावर सही मागितली जाते का, याकडे लक्ष ठेवावे. तिच्या वतीने दुसऱ्याने जाऊन दस्त करून देण्याचा तो मार्ग असतो.

शब्द कोणते वापरावेत? भांडण न करता आणि वाटणीही न मागता नकार देता येतो, हे पुष्कळ बहिणींच्या ध्यानात येत नाही. ‘दादा, जमीन तूच कस, पीकही तूच घे. मला आज काही विकायचं नाही. पण माझं नाव राहू दे, मी सही करणार नाही.’ या बोलण्यात भावाच्या रोजच्या उत्पन्नाला धक्का नाही आणि नावही कायम राहते. ‘मेहुणे नको म्हणतात’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. त्याने सगळा राग नवऱ्यावर जातो आणि भाऊ त्याला मनवायला बसतो. उत्तर भाऊबीजेच्या पंगतीत देऊ नये. फोनवर किंवा समोरासमोर, शक्यतो भावजय, आत्या, काका असे सगळे जमलेले नसताना द्यावे. तरीही आपले नाव कमी करण्याच्या फेरफाराची नोटीस आली तर तोंडी न बोलता मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

आणि ज्या बहिणीला मनापासून हक्क सोडायचा आहे तिने तो जरूर सोडावा. तो तिचा निर्णय आहे. फक्त तो भिडेपोटी नसावा.

पुरुषांना जड जाणारे नकार

पुरुषांना नकार सोपा जातो, हेही खरे नाही. घरातल्या स्त्रीला, हाताखालच्याला, अनोळखी विक्रेत्याला ते सहज नकार देतात. मित्राला, थोरल्या भावाला आणि चारचौघांत शब्द टाकणाऱ्याला देता येत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची विनंती हे त्याचे ठळक उदाहरण. ‘फक्त सही पाहिजे, हप्ते मी भरणार’ असे टपरीवर चहा पिताना म्हटले जाते आणि नाही म्हणणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास दाखवणे ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराची मालमत्ता आधी विका मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आजोबांनी अनुभवातूनच म्हटले असावे.

पुरुष अशा वेळी नकार देत नाहीत, तर गायब होतात. फोन उचलत नाहीत, गल्ली बदलून जातात, ‘उद्या सांगतो’ म्हणून महिना काढतात. समोरचा ताटकळतो आणि शेवटी मैत्री जाते ती नकारामुळे नव्हे, ताटकळत ठेवल्यामुळे. त्यापेक्षा त्याच दिवशी सांगावे, आणि नियम म्हणून सांगावे: ‘मी कोणालाच जामीन राहत नाही, सख्ख्या भावालाही राहिलो नाही.’ हे अर्थातच खरे असेल तरच म्हणावे. मदत करायची असेल तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे स्वतः द्यावेत आणि विषय संपवावा. बायकोचे नाव मात्र पुढे करू नये. त्यामुळे मित्रमंडळींत ती कायमची वाईट ठरते आणि ‘बायकोचा बैल’ म्हणून आपल्यावरचा दबाव दुप्पट होतो. दारूच्या पेल्यालाही हेच लागू. ‘आज गोळ्या चालू आहेत’ म्हटले की गोळ्या संपण्याची वाट पाहिली जाते. ‘मी घेत नाही’ म्हटले की दोन-तीन बैठकींनंतर विचारणे थांबते.

ऐकणाऱ्याने काय करावे

नकार न ऐकण्याचे पहिले शिक्षण आपल्याकडे ताटावरच मिळते. पंगतीत वाढणारी श्रीखंडाचे पातेले घेऊन येते, पाहुणा ‘नको’ म्हणतो, ती ‘एवढंसं’ म्हणते, तो ताटावर दोन्ही हात आडवे धरतो आणि ती बोटांच्या फटीतून वाढते. आग्रह ही प्रेमाची रीत आहे आणि ती जेवणापुरती गोड आहे. पण ‘नको’चा अर्थ ‘अजून एकदा विचारा’ असा होतो, हे मुलांच्या मनात इथूनच रुजते आणि ताटावरून उठून पुढे सगळीकडे जाते. पाहुण्या मामाला पापी द्यायला मूल नको म्हणते तेव्हा घरच्यांनी तिथेच थांबावे. मामा दुखावणार नाही, आणि दुखावलाच तरी चालेल.

शरीरसंबंधाच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहून, गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे ठणकावून सांगितले. १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच कायद्यात आली आणि आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे: संमती म्हणजे स्त्रीने शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य रीतीने कळवलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येत नाही. म्हणजे तिने नकार नीट दिला का, हे पाहायचे नसून तिने होकार दिला का, हे पाहायचे असते.

हीच कसोटी पुरुषांनी रोजच्या वागण्यात लावावी. विचारल्यावर समोरची गप्प झाली, विषय बदलला, ‘बघू’ म्हणाली किंवा उगीच हसली, तर तो नकार समजावा. एकदाच विचारावे आणि तेही तिला सहज निघून जाता येईल अशा ठिकाणी. बंद गाडीत किंवा ती एकटी असताना तिच्या दारात विचारू नये. कारण मागू नये. तिच्या मैत्रिणीमार्फत पुन्हा विचारणा करू नये. स्त्रियांसाठी इथे एकच सूचना आहे, आणि ती वरच्या सगळ्या सल्ल्याला अपवाद आहे: जिथे भीती वाटते तिथे स्पष्ट नकाराचा आग्रह स्वतःशीही धरू नये. ‘बरं, नंतर बोलू’ म्हणून तिथून सुखरूप बाहेर पडावे आणि नकार नंतर फोनवर किंवा लेखी कळवावा.

भिडेने होकार दिला असेल तर

तोंडी होकार परत घेता येतो. जितका लवकर, तितका सोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ‘काल मी हो म्हटलं, पण मला हे जमणार नाही, म्हणून आजच सांगतेय’ एवढेच म्हणावे, आणि बदली माणूस शोधून देण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नये. कागदाचे तसे नाही. जामिनाची सही सहसा एकतर्फी मागे घेता येत नाही, आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबावामुळे झाले असेल तर ते रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. असा दावा लावण्याची मुदत त्या गोष्टी कळल्यापासून तीन वर्षांची असते. म्हणून कोणताही कागद आणला त्याच दिवशी सही करू नये. त्याची प्रत ठेवून घ्यावी, आपल्या ओळखीच्या, समोरच्याने न सुचवलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावी, आणि घाई केली जात असेल तर ती कशासाठी आहे हे आधी विचारावे.